चवदार तळ्याचा ठराव आणि निकालाचा गुलाल

२१ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या नगरपरिषदांचे निकाल लागले. खांबपासून महाडपर्यंत महामार्गावर बॅनर, गुलाल, डीजे. आपल्या पोरांच्या स्टेटसवरही तेच, "आपला माणूस निवडून आला." चारच दिवसांनी ही पोरे निळे झेंडे घेऊन याच रस्त्याने महाडला गेली, २५ डिसेंबरच्या मनुस्मृती दहन दिनासाठी. त्या चार दिवसांत एक प्रश्न मात्र कोणी विचारलेला मला दिसला नाही. ज्या तळ्यासाठी बाबासाहेब महाडला आले, त्या तळ्याचा निर्णय कोणाच्या हातात होता?

नगरपालिकेच्या. चवदार तळ्याचा इतिहास आपण पाण्याचा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण तो एका नगरपालिकेच्या ठरावाचाही इतिहास आहे. ठराव कोणी केला, कोणी पाळला नाही आणि कोणी रद्द केला, हे सलग वाचले तर आजच्या निकालांकडे बघण्याची नजर बदलते.

सुरुवात त्याच्याही आधी करावी लागेल. लॉर्ड रिपनने १८ मे १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा आला. रस्ते, विहिरी, शाळा, दवाखाने गावच्या प्रतिनिधींनी बघावेत, ही कल्पना. पण प्रतिनिधी निवडणार कोण? ज्याच्याकडे जमीन, घर, कर भरण्याची ऐपत, तो. म्हणजे कोकणात खोत, सावकार, व्यापारी आणि वकील. आपल्या वस्त्या या यादीच्या बाहेरच होत्या.

तरीही एक माणूस आत गेला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून निवृत्त झालेले, १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे. १८९५ मध्ये त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. उच्चवर्णीय सभासदांचा लगेच जळफळाट झाला, वर्तमानपत्रांत चर्चा रंगली. विचार करा, एका बोर्डात एकच माणूस, तोही निवडून आलेला नाही, सरकारने नेमलेला, आणि तोही खपत नव्हता. शेजारी बसला तर विटाळ होईल, ही भीती होतीच. पण रस्ता कुठे न्यायचा, विहीर कुठे खोदायची हे ठरवताना तो समोर असणार होता, ही भीती त्याहून मोठी असावी असे मला वाटते.

आता १९२३. त्याच वर्षी बाबासाहेब लंडनहून शिक्षण पूर्ण करून परतले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सप्टेंबरमध्ये सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या. पण तळी आणि विहिरी बहुतेक नगरपालिकांच्या आणि लोकल बोर्डांच्या होत्या. त्यांनी ऐकले तर ऐकले.

महाडच्या नगरपालिकेने ऐकले, निदान कागदावर. ५ जानेवारी १९२४ ला तिने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. सुरबानाना टिपणीसांसारखी माणसे तिथे होती म्हणून हे झाले. ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. हेच टिपणीस पुढे महाड नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांच्या पाठीशी राहिले आणि १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेवर गेले. पण तीन वर्षे त्या तळ्यावर एकही अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. बोले यांनाही हे इतरत्र दिसत होते. म्हणून ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला, जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे पाळणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करा. चाळीसेक वर्षांच्या स्थानिक स्वराज्यात कोणाला तरी नेमकी नस सापडली होती. भाषणाने न हलणारी नगरपालिका पैशाने हलते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसे आली आणि त्यांच्यासाठी पाणी विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे. शहराच्या मधोमध भरलेले तळे, ते खुले असल्याचा नगरपालिकेचा तीन वर्षे जुना ठराव, आणि परिषदेच्या हिशेबात चाळीस रुपयांचे पाणी! दुसऱ्या दिवशी मिरवणूक तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी पाणी प्यायले आणि पाठोपाठ सगळे प्यायले. पुढचा हल्ला, वीरेश्वर मंदिराची अफवा, एकशे आठ घागरींनी केलेले तळ्याचे शुद्धीकरण आपल्याला पाठ आहे.

आपल्या भाषणांत ज्याचा उल्लेख क्वचित येतो, ती गोष्ट पुढची. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पाहा. बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती. पाण्याला हात लागताच कागदही मागे घेतला गेला, आणि तोही रीतसर सभा घेऊन, बहुमताने. आजच्या भाषेत सांगायचे तर पूर्ण लोकशाही मार्गाने.

दुसरा सत्याग्रह डिसेंबरमध्ये ठरला. १२ डिसेंबरला स्पृश्यांनी दावा दाखल केला की तळे सार्वजनिक नाही, ते आमचे आहे, आणि १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. परिषदेच्या मंडपाला कोणी हिंदू जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण मनाईहुकूम मानून तळ्यातले पाणी घेतले नाही. निकाल उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने लागला. तोही कसा? अस्पृश्यता अन्याय्य आहे असे न्यायालय म्हणाले नाही. अनादी काळापासूनची रूढी वाद्यांना सिद्ध करता आली नाही, एवढेच. पाणी प्यायल्यापासून कोर्टाच्या शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षे.

मग यात निवडणुकीचा संबंध काय, असे कोणी विचारेल. ज्या सभेने ठराव केला आणि ज्या सभेने तो मोडला, त्या दोन्ही सभांतल्या सभासदांना निवडून यायला आपल्या मतांची गरज नव्हती. टिपणीस भले होते, पण भल्या माणसाच्या मागे मोजण्याजोगे आपले मत नव्हते. भलेपणाला बहुमत मिळाले नाही की तो ठराव रद्दच होतो.

बाबासाहेबांनी हे पुढे स्पष्ट मांडले. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला, आणि अवघ्या बारा दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकावर ते बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की नुसत्या प्रौढ मतदानाने आमचे भागणार नाही. प्रत्येक गावात आम्ही अल्पसंख्य आहोत आणि मतपेटीत आमचा माणूस दरवेळी पडेल, त्यामुळे जागा राखीव हव्यात. पंचायतींना न्यायनिवाड्याचे अधिकार द्यायलाही त्यांचा विरोध होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावगाड्यावर ते जे बोलले त्याचे मूळ इथे आहे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना ते भाषण आजही टोचते.

राखीव जागा ग्रामपंचायती आणि नगरपालिकांत घटनेने मिळाल्या त्या १९९३ मध्ये, ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने. आज आपला माणूस सरपंच होतो, नगरसेवक होतो. बॅनर लागतो. पण प्रभाग राखीव असला तरी मतदार सगळे एकत्र असतात. आपल्या रायगड जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. दहा-पंधरा बौद्ध घरे असलेल्या वाडीतला राखीव उमेदवार कोण, हे ती घरे ठरवत नाहीत. ते गावकीची बैठक ठरवते आणि तालुक्याचा नेता ठरवतो. असा निवडून आलेला माणूस वाईट असतो असे मी म्हणत नाही, पण त्याचे ओझे कोणाकडे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. कातकरी वाड्यांतल्या राखीव जागांचेही तेच. त्या भावांशी आपण या विषयावर अजून एकदाही नीट बसलेलो नाही, ही आपली चूक.

शिवाय निवडणूक वेळेवर होईल याचीही खात्री नाही. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात राज्यातल्या स्थानिक संस्था वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा म्हणून सांगितले तेव्हा गाडी हलली. मधल्या काळात आपला नगरसेवक नव्हता आणि त्यांचाही नव्हता. पण कंत्राटदार कोणाचे होते, हे सगळ्यांना माहीत आहे.

मित्रांनो, निकालाचे आकडे पाठ करू नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के पैसा मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च व्हायला हवा. दलित वस्ती सुधार योजनेचा निधी वेगळा. हे दोन्ही कुठे गेले ते मासिक सभेच्या इतिवृत्तात असते, निवडणुकीच्या बॅनरवर नसते. मी एका ग्रामपंचायतीचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागितले, तेव्हा वस्तीचा म्हणून मंजूर झालेला रस्ता भलत्याच आळीत गेलेला दिसला. ठरावाला सूचक म्हणून सही होती आपल्याच राखीव सदस्याची. त्याला विचारले तर म्हणाला, "दादा, वही समोर ठेवली, सही केली."

येत्या २० मार्चला खांब आणि कोलाडकडून महाडला जाणाऱ्या मंडळींनी गाडीत बसण्याआधी आपापल्या ग्रामपंचायतीचे गेल्या तीन वर्षांचे ठराव मागणारा अर्ज द्यावा. अर्जाची फी दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर तीही नाही. नमुना मी लिहून ठेवला आहे, मागाल त्याला देईन.

जय भीम.