शेवटच्या ओळीतलं नाव

दरवर्षी १४ जानेवारीला मी विद्यापीठ गेटवर जातो. १९९४ साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. विधिमंडळाचा ठराव झाला होता २७ जुलै १९७८ ला. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरं जळली, माणसं मेली. म्हणून आज गेटवर आनंद असतो तसा एक जडपणाही असतो. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल आणि चारही बाजूंनी भोंग्यांतून एकमेकांत मिसळलेली गाणी. तरी कान दिला की वामनदादांचं गाणं ओळखू येतं. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं ना!

वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. पोटासाठी मुंबईला आले तेव्हा अक्षरओळख नव्हती. चाळीत एकाने पत्र वाचून दाखवायला दिलं आणि यांना वाचता येईना. ती शरम त्यांना सोसली नाही. एका गुरुजींकडून मुळाक्षरं शिकले आणि जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत गिरवली. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. पुढे हजारो गाणी झाली. १५ मे २००४ ला ते नाशिकला गेले, तोवर गाणं थांबलं नव्हतं.

हे एकट्याचं काम नव्हे. महात्मा फुल्यांच्या विचारातून सत्यशोधकी जलसे निघाले, त्यांच्या वाटेने आंबेडकरी जलसे आले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा तर गाजलेला. जिथे वर्तमानपत्र वाचणारा माणूस नव्हता, तिथे सभेचा विचार गाण्यातून पोचत होता. वामनदादा याच परंपरेतले. चाल कव्वालीची, लोकगीताची, कधी सिनेमाची. लोकांना चाल आधीच पाठ, त्यामुळे शब्द लगेच तोंडी बसायचे. शब्दही घरातले, मजुराच्या बोलण्यातले.

मला त्यांचं मोठेपण आणखी एका गोष्टीत दिसतं. ६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांची स्तुती करणारे पुष्कळ झाले. वामनदादांनी स्तुती केलीच, पण समोर बसलेल्या आपल्याच माणसांना जाबही विचारला. त्याच्या विचाराचे तुम्ही खरोखर किती उरलात, असा तो सवाल. आपल्या श्रोत्यांना टोचणारा आणि तरी त्यांचा लाडका असा कवी कितीसा सापडतो?

आता नावाविषयी. अभंगात 'तुका म्हणे' येतं, गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं नाव गुंफतो. वामनदादांनीही तेच केलं. छापील पुस्तक ज्याच्या हाती पडणार नाही, त्याच्या कानावर तरी कवीचं नाव पडावं, एवढी साधी सोय. माझ्याकडे एक जुनी कॅसेट आहे. वेष्टणावर गायकाचा फोटो आहे, कवीचं नाव कुठेच नाही. एका गाण्याचं शेवटचं कडवंही गाळलेलं. मी ते गाणं कित्येक वर्षं कुणाचं आहे हे न कळता ऐकत होतो.

२०१६ साली बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा गाणं म्हणजे साहित्य का, यावर आपल्याकडेही बरीच चर्चा झाली. नागसेनवनात मिलिंद कॉलेज १९५० पासून आहे. तिथे शिकलेल्या कितीतरी पोरांच्या आईबापांनी तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण गाणी पाठ होती.

मागच्या वेळी गेटवर डीजेवर दादांचं एक जाब विचारणारं गाणं लागलं होतं. पोरं बेभान नाचत होती. नाचू देत, त्यांचा हक्क आहे. पण शेवटचं कडवं यायच्या आतच पुढचं गाणं सुरू झालं. शेजारी उभ्या एका म्हाताऱ्या बाई मात्र थांबल्या नाहीत. राहिलेल्या ओळी त्यांनी पुटपुटत पुऱ्या केल्या, नावासकट.