एका रात्रीचं पत्रक, नऊ वर्षांची तयारी

रोझा पार्क्स हे नाव तुमच्यापैकी काहीजणींनी ऐकलं असेल. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात 1955 साली त्यांनी बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि सगळ्या कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार घातला. गोष्ट साधारण एवढीच सांगितली जाते. पण गुरुवारी संध्याकाळी अटक झाली आणि सोमवारी सकाळी बस रिकाम्या धावल्या. मधल्या तीन दिवसांत हजारो माणसांपर्यंत निरोप कोणी पोचवला? त्याचं उत्तर एका सरकारी कॉलेजात आणि तिथल्या शिक्षिकांच्या संघटनेत सापडतं. त्या कॉलेजचं आजचं नाव अलाबामा स्टेट युनिव्हर्सिटी.

सुरुवात 1867 सालची. गुलामगिरी संपून दोनच वर्षं झाली होती. अलाबामा राज्यातल्या मॅरियन नावाच्या लहान गावात नऊ माणसं एकत्र आली. नऊही जण कालपर्यंत गुलाम होते. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा त्या राज्यात गुन्हा होता. सुटका झाल्यावर या लोकांनी आधी शाळा काढायचं ठरवलं. वस्तीतून 500 डॉलर जमवून जमीन घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 113 विद्यार्थ्यांची शाळा सुरू झाली. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. म्हणजे हे सगळं त्याच काळातलं.

1874 साली राज्य सरकारने शाळा आपल्याकडे घेतली. कृष्णवर्णीय शिक्षक तयार करणं हे तिचं मुख्य काम ठरलं. मॅरियनमध्ये गोऱ्यांशी तणाव वाढला, तेव्हा 1887 साली ती माँटगोमेरीला हलवली. तिथे पहिले वर्ग एका चर्चमध्ये भरले. नव्या जागीही विरोध झाला. न्यायालयाच्या निकालाने सरकारी पैसा थांबला. दोन वर्षं शाळा फी, देणग्या आणि शिक्षकांच्या सेवाभावावर चालली. 1889 साली मदत परत सुरू झाली, पण नावातला ‘विद्यापीठ’ हा शब्द काढून घेतला. तो परत मिळायला 1969 साल उजाडलं.

हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी ओढाताण यातच आहे. ज्या सरकारने कृष्णवर्णीयांना वेगळं बसवण्याचे कायदे केले, त्याच सरकारच्या पैशावर ही संस्था चालत होती. शिक्षकांचा पगार त्याच हातातून येत होता. तरीही तिथे मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, खेड्यापाड्यातल्या शाळांत गेल्या. कॉलेजला जोडलेल्या शाळेत खुद्द रोझा पार्क्स शिकायला होत्या. आजी आजारी पडली म्हणून त्यांना मध्येच शिक्षण सोडावं लागलं.

1946 साली या कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापिका मेरी फेअर बर्क्स यांनी बायकांची संघटना काढली. नाव ठेवलं विमेन्स पोलिटिकल कौन्सिल, म्हणजे महिला राजकीय परिषद. सदस्यांमध्ये शिक्षिका बऱ्याच होत्या. मतदार यादीत नाव घालण्यासाठी सरकार कृष्णवर्णीयांची अवघड परीक्षा घ्यायचं. ती कशी द्यायची, अर्ज कसा भरायचा, हे या बायका लोकांना शिकवायच्या. संघटनेच्या पुढे शहराच्या वेगवेगळ्या भागांत शाखा झाल्या.

1949 साली जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजात शिकवायला आल्या. त्याच डिसेंबरात सुट्टीला निघताना त्या जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पाचव्या रांगेत बसल्या. ती जागा आपल्यासाठी नाही हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. ड्रायव्हर अंगावर धावून ओरडला. त्या रडत खाली उतरल्या. संघटनेत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा कळलं की असा अनुभव बहुतेक सगळ्याजणींच्या गाठीला होता. दुसऱ्या वर्षी त्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

मग त्यांनी आधी काय केलं? पत्रं लिहिली, महापौरांना भेटल्या. 21 मे 1954 च्या पत्रातल्या मागण्या अगदी साध्या होत्या. कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे, जागा भरेपर्यंत बसावं. पुढच्या दाराने पैसे देऊन, उतरून, पुन्हा मागच्या दाराने चढायला लावू नये. आमच्या वस्तीतही बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबावी. पत्रात हिशेबही होता: बसचे पाऊण हिस्सा प्रवासी आम्ही आहोत, आम्ही नसलो तर बस चालणार नाहीत. म्हणजे बहिष्काराचा इशारा अटकेच्या दीड वर्ष आधीच दिलेला होता.

1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स यांना अटक झाली. रात्री उशिरा ती बातमी रॉबिन्सन यांना फोनवर कळवली फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने. तोही याच कॉलेजचा विद्यार्थी. मध्यरात्री रॉबिन्सन कॉलेजात गेल्या. बरोबर एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी. सायक्लोस्टाईल मशीनवर एका कागदात तीन पत्रकं बसवून त्यांनी रात्रभर छपाई केली. मजकूर एवढाच की सोमवारी कोणी बसमध्ये चढू नका. पहाटेपर्यंत हजारो पत्रकं कापून, गठ्ठे बांधून तयार होती. सकाळी आठला रॉबिन्सन वर्गात उभ्या राहून शिकवत होत्या आणि तास संपल्यावर गाडी घेऊन वाटपाला निघाल्या. कुठे कोण गठ्ठा घेणार, हे आधीपासून ठरलेलं होतं. शाळा, दुकानं, केशकर्तनालयं, कारखाने, सगळीकडे कागद पोचले.

कॉलेजच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून जाब विचारला. सरकारी कॉलेजचा कागद, सरकारी मशीन! रॉबिन्सन यांनी कागदाचे पैसे भरून देण्याचं कबूल केलं. अध्यक्षांनी मग अडवलं नाही, पण जपून राहायला आणि कॉलेजचं नाव मध्ये न आणायला सांगितलं.

बहिष्कार 381 दिवस चालला. पहिल्याच दिवशी तरुण पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांना पुढारी निवडलं आणि जगाला त्यांचंच नाव माहीत झालं. पण बसमध्ये सर्वांत जास्त कोण बसायचं? गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका. त्या वर्षभर पायी चालल्या. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईने बायका जमवून खाद्यपदार्थ विकले आणि लोकांना नेणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलला पैसे पुरवले. ज्या खटल्याने बसमधला भेदभाव रद्द झाला, तो जिंकणाऱ्या चौघी बायकाच होत्या.

याची किंमत मोजावी लागली. रॉबिन्सन यांच्या घराची खिडकी दगडाने फुटली, गाडीवर ॲसिड टाकलं. 1960 साली कॉलेजचे विद्यार्थी कोर्टाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या जागी जाऊन बसले. सरकारने नऊ विद्यार्थ्यांना चौकशी न करता काढून टाकलं. शिक्षकांवरही दबाव आला. रॉबिन्सन आणि बर्क्स दोघींनी त्या वर्षी कॉलेज सोडलं. काढलेले विद्यार्थी कोर्टात गेले. सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय काढता येणार नाही, असा निकाल 1961 साली लागला. अमेरिकेतल्या सगळ्या सरकारी कॉलेजांच्या मुलांना त्याचा उपयोग झाला.

आज तिथे जाल तर विद्यापीठाच्या काळ्या-सोनेरी रंगांचे झेंडे दिसतील. सामन्यांना मोठा बँड असतो, आणि जाड बांध्याच्या मुलींचं ‘हनीबीज’ नावाचं नृत्यपथक टाळ्या घेतं. तिथल्या एका वसतिगृहाला गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या क्लॅन संघटनेतल्या एका गव्हर्नरचं नाव होतं. ते काढून आता जो ॲन रॉबिन्सन यांचं नाव दिलंय.

मैत्रिणींनो, छपाई एका रात्रीत झाली, पण कोणत्या गल्लीत कोणाच्या हाती गठ्ठा द्यायचा ही यादी एका रात्रीत होत नाही. ती दर महिन्याच्या बैठकीतून होते. तुमच्या गटाची पुढची बैठक भरेल तेव्हा एवढंच तपासा: उद्या सकाळी गावातल्या प्रत्येक घरी निरोप द्यायचा झाला, तर कोणत्या आळीत कोण जाईल? ती नावं वहीत आजच लिहून ठेवा.