कापडाची पारख आणि हातांची सनद

गोदावरीकाठच्या नांदेडचा तलम मलमलीविषयी जो लौकिक निजामी अमदानीत होता, त्याच्या मुळाशी देशी वाणांत सरस गणला जाणारा गावराणी कापूस आणि साळी, कोष्टी व मोमीन घराण्यांचा पिढीजात हात या दोन गोष्टी होत्या. परंतु त्या हातांची दखल सरकारदरबारी घेतली जाई ती बहुधा मोहतर्फ्याच्या, म्हणजे कारागिरांवर बसणाऱ्या कराच्या, हिशेबात. वतनदाराला सनद होती, सौदागराला परवाना होता; मागावर बसणाऱ्याची पारख मात्र बाजारातले गिऱ्हाईक कापडाचा पोत बोटांनी चाचपून करी, आणि तेवढ्यावरच त्याची पत ठरे.

या व्यवहारात प्रमाणपत्राचा शिरकाव झाला तो 1925 साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघामुळे. संघ खादी भांडारांना प्रमाणित करी, आणि 1935 नंतर, गांधीजींच्या आग्रहामुळे, कातणाऱ्या स्त्रीला निर्वाहापुरती मजुरी मिळावी ही गोष्टही त्या प्रमाणाशी निगडित झाली. माझ्या मते ही फार मोलाची कल्पना होती, कारण कापडाच्या शुद्धतेबरोबर कष्टकऱ्याच्या न्यायाचीही ग्वाही तिच्यात होती. तरीही तो कागद भांडाराच्या भिंतीवर लागला. कातणारीच्या घरी तो आला नाही.

निजामाच्या ज्या मुलखात 1948 च्या सप्टेंबरपर्यंत तिरंगा फडकवणाऱ्याच्या वाट्याला कैद येत असे, त्याच मुलखात पुढे राष्ट्रध्वजाचे कापड विणले जावे, हा इतिहासाचा केवढा उदात्त योग! हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने 1967 साली नांदेडात उभ्या राहिलेल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या विद्यमाने हे कापड उदगीरच्या केंद्रात मागावर चढते, रंगाई-धुलाईसाठी अहमदाबादेस जाते आणि ध्वजाच्या शिलाईसाठी पुन्हा नांदेडला येते. उदगीर हा 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातला तालुका, नंतर उस्मानाबादचा, आणि 1982 पासून लातूरचा. दफ्तरे बदलली, माग चालू राहिले. ध्वजाच्या कापडाची कसोटी अतिशय कठोर असते. 1951 साली मुक्रर झालेल्या आणि 1968 साली सुधारलेल्या भारतीय मानकानुसार सुताचे बळ, ताण्याबाण्यातील धाग्यांची संख्या, वजन, रंगाचा पक्केपणा, 3:2 हे लांबी-रुंदीचे प्रमाण आणि चोवीस आऱ्यांच्या अशोकचक्राची रेखीवता, ही सारी तपासली जातात. धोटा फेकणाऱ्या हाताचा ठोका जरा सैल पडला, तरी तो दोष कापडात उतरतो. म्हणजे परीक्षा वस्तुतः त्या हाताचीच होते, आणि उत्तीर्णतेचा शिक्का कापडावर बसतो. 2021 च्या डिसेंबरअखेर ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरच्या व पॉलिस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली, तेव्हापासून तर या हातांचे वेगळेपण कागदोपत्री सिद्ध करणे अधिकच निकडीचे झाले आहे.

अनुभवी कारागिराने पुन्हा बाराखडीपासून शिकू नये, त्याच्या अंगच्या कौशल्याचीच परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यावे, हे तत्त्व 2015 च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने मान्य केले. 17 सप्टेंबर 2023 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या वर्धापनदिनीच, सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत प्रमाणपत्र व ओळखपत्र देण्याची तजवीज आहे. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे, टोपल्या-चटया विणणारा आहे, मासेमारीचे जाळे विणणाराही आहे. हातमागावर कापड विणणारा मात्र नाही. ज्या बाईने उमेदीची वर्षे सूत कातण्यात वा माग चालवण्यात घालवली, तिला दाखल्यासाठी दूरच्या शहरी, परक्या भाषेतल्या प्रश्नांपुढे बसवणे अन्यायाचे आहे. तिची परीक्षा उदगीरला किंवा नांदेडलाच, तिच्याच मागावर आणि मराठीतून घेतली जावी, आणि मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर संस्थेच्या आधी तिचे नाव असावे, एवढी मागणी या दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी आणि खादी संस्थांनी सरकारदरबारी नेटाने लावून धरावी.