नदीचा निरोप

दिवाळीच्या अंकात पुराची गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. फराळाचे ताट पुढे आले असता मेलेल्या माणसांच्या गोष्टी काढू नयेत, असे माझी आई म्हणे. पण त्याच आईने १९९१ च्या आषाढात एके संध्याकाळी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेले आपले बऱ्यापैकी पातळ काढले आणि शाळेत नेऊन देण्यासाठी माझ्या हातात ठेवले. मी तेव्हा पाचवीत होतो. शाळेत पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा होत होते, आणि वर्गातल्या साऱ्या मुलांनी घरचे जुनेपाने आणले होते. मी म्हटले, "आई, हे तर नवं आहे." ती म्हणाली, "ज्याहिचं सारंच वाहून गेलं, त्याहिले जुनं द्यावं काय बाप्पा?" तेव्हा हे लिहिण्यास तिची हरकत असणार नाही, असे मी धरून चालतो.

ते पातळ मोवाडला जायचे होते. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी मोवाड हे गाव आहे. नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका. दोन्ही तीरांवर संत्र्याच्या बागा. ब्रिटिश अमदानीपासून नगरपालिका असलेले हे जुने, नांदते गाव. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला महापूर आला आणि तो गावात शिरला. २०४ माणसे गेली. घरे इतकी गेली की जुन्या जागी पुन्हा गाव उभे करण्यात अर्थ उरला नाही, आणि मोवाडचे पुनर्वसन नव्या जागी करावे लागले. अजूनही ३० जुलै उजाडला की गावकरी एकत्र जमून आपल्या माणसांची आठवण करतात.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. अधूनमधून कादंबऱ्या लिहितो, एवढीच काय ती माझी विद्या. दोन वर्षांपूर्वी वर्गात आपल्या जिल्ह्याची माहिती सांगताना मी मोवाडची हकीकत सांगितली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पण त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं काय?"

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नापायीच मी वाचायला लागलो, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

संकटाची वर्दी पोचायची तर तीन माणसे लागतात. एक पाहणारा, एक सांगणारा आणि एक ऐकणारा. त्यांपैकी पाहणारा आपल्या देशात फार पूर्वीच नेमला गेला. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. हजारो माणसे बुडाली. पाठोपाठ १८६६ आणि १८७१ या वर्षी पावसाने दगा दिला. सरकारचे डोळे उघडले, आणि १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते निघाले. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. हे खाते कलकत्त्याहून सिमल्याला गेले, सिमल्याहून १९२८ साली पुण्याला आले. म्हणून पुण्याचे लोक वेधशाळेच्या त्या देखण्या इमारतीला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुढे मुख्य कचेरी दिल्लीला हलली. १९४५ च्या सुमारास देशात जी प्रादेशिक केंद्रे झाली, त्यांत मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली यांच्या पंक्तीला नागपूरही बसले. आमच्या सोनेगावच्या विमानतळाकडे फुगे सोडून वरचे वारे मोजणारी माणसे आहेत, हे लहानपणी आम्हाला मोठे नवल वाटे.

तेव्हा पाहणारा होता. सांगणारा कोण?

जुन्या काळी तो गावचा कोतवाल. गळ्यात ढोल अडकवून तो चौकाचौकांत दवंडी देई, आणि ती ऐकू आली नाही असे म्हणण्याची कोणाची छाती नसे. कारण ती अगदी दारात होई. मग तारेचे खांब आले. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, आणि पावसापाण्याची बातमी शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन बोलू लागली. पण जसजसा सांगणारा दूर जाऊन बसला, तसतशी एक अडचण वाढत गेली. त्याचा आवाज सर्वांसाठी होता, पण तो नेमका कोणाच्याच दारात थांबत नव्हता.

मोवाडच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. वर्धा नदी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ. जुन्या मध्यप्रांतात मुलताई आणि मोवाड एकाच सरकारच्या हाताखाली होते आणि ते सरकार नागपुरात बसत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, बैतूल मध्य प्रदेशात राहिले. मी मराठी माणूस आहे. भाषेप्रमाणे राज्ये झाली याचा मला आनंदच आहे. पण नदीने ती सीमा कधी मानली नाही. वरच्या खोऱ्यातला पाऊस एका राज्याच्या वहीत नोंदला जाई आणि खालचा पूर दुसऱ्या राज्याच्या दारात येई. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कागद जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ पाणी थांबत नाही.

आणि याच नागपुरात देशाला संकटाशी लढायला शिकविणारी शाळा होती, हे वाचून मी चकित झालो. २९ एप्रिल १९५७ रोजी येथे केंद्र सरकारने 'सेंट्रल इमर्जन्सी रिलीफ ट्रेनिंग इन्स्टिट्यूट' काढली. पूर, भूकंप, वादळ अशा वेळी लोकांना कसे सोडवावे, कोठे ठेवावे, काय खाऊ घालावे, याचे शिक्षण देणारी ही संस्था. त्याच वर्षी आगवाल्यांचे राष्ट्रीय महाविद्यालयही उत्तरेतल्या रामपूरहून नागपूरला आले. देशाच्या मध्यावर असल्याचा मान आम्हाला असा मिळाला. मग १९६२ चे चिनी आक्रमण झाले, १९६५ चे युद्ध झाले. पुरापेक्षा बॉम्बची भीती मोठी ठरली. १ एप्रिल १९६८ पासून त्या संस्थेचे नाव 'नॅशनल सिव्हिल डिफेन्स कॉलेज' झाले. भोंगा वाजला की दिवे कसे मालवावेत आणि ढिगाऱ्यातून माणूस कसा काढावा, हे ती शिकवू लागली. देशभरची माणसे सिव्हिल लाइन्समध्ये येऊन शिकून गेली. पण सिव्हिल लाइन्सपासून मोवाड तरी किती दूर? आपल्याच जिल्ह्यात! विद्या गावात असणे निराळे आणि ती घरोघरी जाणे निराळे, हे आम्हा मास्तरांना कोणी सांगायला नको.

वेळेला काय किंमत असते, ते पुणेकर जाणतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते धरण काही तास तोलून धरले. त्या तासांमुळे पाणी रात्रीच्या अंधारात न येता दिवसाउजेडी आले. शहराची वाताहत झाली ती झालीच. पण लोकांना पळायला वाट दिसली. हजारो जीव त्या काही तासांवर तरले.

मोवाडनंतर दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर महाराष्ट्राने संकटकाळची व्यवस्था आखायला मनापासून सुरुवात केली. जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष आले. २००४ च्या त्सुनामीनंतर २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आली, राष्ट्रीय प्रतिसाद दल उभे राहिले. नागपूरचे ते जुने कॉलेजही पुढे त्या दलाच्या अकादमीत सामावले. २०२३ च्या पावसाळ्यात एके दिवशी वर्गात शिकवीत असताना माझ्या पिशवीतला फोन भोंग्यासारखा ओरडू लागला. सरकारने इशाऱ्याची चाचणी घेतली होती. पोरे खो खो हसली. मी मात्र मनात म्हटले, दवंडी परत दारात आली.

पण त्याच वर्षी २३ सप्टेंबरला खरी परीक्षा झाली. मध्यरात्रीनंतर नागपुरात सुमारे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी रस्त्यावर आली, लोक घराघरांत अडकले. बचाव दले आली, कामठीहून लष्कर आले. अंबाझरीच्या खालच्या बाजूला माझी मावशी एकटी राहते. तिला कानांनी कमी ऐकू येते. फोन उशाशी होता, पण वाजला असता तरी तिला कळले नसते. तिला उठविले ते समोरच्या इमारतीच्या चौकीदाराने. तो गुडघाभर पाण्यातून स्टीलचे ताट झाऱ्याने बडवीत गल्लीभर फिरला, आणि मावशीचे दार उघडेना तेव्हा त्याने खिडकीची काच फोडली. तो कोणत्याही शाळेत हे शिकला नव्हता. एकटी म्हातारी कोणत्या घरात राहते, एवढे त्याला ठाऊक होते.

ऐकणाराही तयार हवा. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश तापमान दाखविले. शहरात हाहाकार उडाला. मग वेधशाळेने यंत्र बिघडल्याचे सांगितले. लोकांनी खूप थट्टा केली. मला मात्र त्या कबुलीने बरे वाटले. चूक झाली तर ती सांगणाऱ्याचाच पुढचा इशारा लोक खरा मानतील.

त्या मुलाला मी अखेर उत्तर दिले. म्हटले, "बाळ, आभाळाकडे पाहणारे होते, शिकविणारेही होते. शेवटच्या दारापर्यंत जायचे काम कोणाचे, एवढेच ठरले नव्हते." तो म्हणाला, "मग आमच्या गल्लीचं मी करू?" दुसऱ्या दिवशी त्याने वहीच्या पानावर गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्यांची, अंथरुणाला खिळलेल्यांची, तान्ह्या लेकरांच्या घरांची नावे लिहून आणली. अकरा नावे होती. शुद्धलेखनाच्या चुका सात. मी एकही काढली नाही.

वाचकहो, भाऊबीजेला बहिणीकडे जाल, तेव्हा ओवाळणी घालून झाल्यावर तिला एवढे विचारा, की शेजारी एकटे कोण राहते? तिला नाव सांगता आले, तर ठीक. सांगता आले नाही, तर फराळाचे एक ताट झाकून दोघे मिळून शेजारी जाऊन या.