बिब्बा आणि स्मरणशक्ती

कोणी चांगल्या कामात विघ्न आणले, तर त्याने ‘बिब्बा घातला’ असे मराठीत म्हणतात. परटाने कपड्यावर केलेली न पुसणारी काळी खूणही याच फळाच्या तेलाची. असा हा बिब्बा एके काळी बगदादपासून युरोपपर्यंत स्मरणशक्तीचे औषध म्हणून नावाजला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

चरकसंहितेत बुद्धिवर्धक म्हणून मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी या चार वनस्पती सांगितल्या आहेत. बिब्बा, म्हणजे भल्लातक, त्याच ग्रंथात रसायन म्हणून येतो. तो अग्नीसारखा दाहक आहे, विधिपूर्वक योजला तरच अमृतासमान होतो, असेही तेथे बजावले आहे. म्हणूनच वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घासून शुद्ध करून घेतात.

अरबांनी त्यास ‘बलाधुर’ म्हटले. पाठांतर करणारे विद्यार्थी तो घेऊ लागले. सन 892 च्या सुमारास निधन पावलेला बगदादचा इतिहासकार बलाधुरी याचे नावच या फळावरून पडले. त्याचा रस प्याल्याने त्यास बुद्धिभ्रंश झाला, अशी कथा आहे. काही जण ती त्याच्या आजोबांविषयी सांगतात. पुढे अरबी वैद्यक लॅटिन भाषेत उतरले आणि ‘अनाकार्डियम’ या नावाने बिब्ब्याचा पाक युरोपात स्मृतिवर्धक म्हणून प्रसिद्ध झाला.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता 1534 साली गोव्यास आला. 1563 साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथातील पाचवा संवाद बिब्ब्यावर आहे. येथील लोक तो ताकात भिजवून दम्यावर व जंतांवर देतात, असे त्याने नोंदविले आहे.

बिब्ब्याच्या तेलातील द्रव्यांनी त्वचेवर फोड उठतात. यालाच बिब्बा उतणे म्हणतात. त्याने माणसाची स्मृती वाढते, असे आधुनिक परीक्षणांनी सिद्ध झालेले नाही. औषधाची कीर्ती वाऱ्यासारखी पसरते; पथ्य आणि मात्रा यांची वार्ता मात्र मागे रेंगाळते. आजही परीक्षा जवळ आली की स्मृतिवर्धक गोळ्यांच्या बाटल्या घरोघरी येतात. बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी जाणत्या वैद्याला किंवा डॉक्टरला विचारावे, एवढा धडा बलाधुरीच्या कथेतून घेतला तरी पुरे.