ठिपके आधी, रेषा मागाहून

कन्या राशीत गॅमा नावाचा एक जोडतारा आहे. त्याची कक्षा काढायची तर वेगवेगळ्या निरीक्षकांनी, वेगवेगळ्या काळात, बऱ्यावाईट दुर्बिणींतून घेतलेली मापं जुळवायला हवीत. आणि ती काही केल्या जुळत नसत. जॉन हर्शेलने १८३२ मध्ये तोडगा मांडला. आखीव कागदावर आडवी वर्षं, उभे कोन आणि दर निरीक्षणाचा एक ठिपका. मग त्याने हातानेच वक्ररेषा ओढली, प्रत्येक ठिपक्याला शिवणारी नव्हे, तर त्यांच्यामधून वाट काढणारी. अशी रेषा गणिताने बसवणारी लजांद्रची लघुतम वर्गांची पद्धत १८०५ पासून छापील होती, तरी हर्शेलने भरवसा ठेवला तो डोळ्यावर. ठिपक्यांच्या आलेखाचा मूळपुरुष मी त्यालाच मानतो.

दोन मापं कितपत जोडीने बदलतात हे एका आकड्यात सांगणारा सहसंबंध मात्र आला फ्रान्सिस गॉल्टनच्या आनुवंशिकतेच्या नादातून. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं-मुली यांच्या उंच्या त्याने एका तक्त्यात मांडल्या. बायका सरासरीने बुटक्या, म्हणून त्यांची उंची १.०८ ने गुणून घेतली. रॅम्सगेटजवळच्या एका स्टेशनावर गाडीची वाट बघत तो वहीतला तक्ता न्याहाळत होता, तेव्हा त्याला दिसलं की सारख्या आकड्यांच्या जागा जोडल्या तर एकात एक लंबवर्तुळं उमटतात! पुढचं गणित त्याला झेपणारं नव्हतं. ते केंब्रिजच्या हॅमिल्टन डिक्सनने सोडवून दिलं. आईबापांच्या उंचीवरून मुलांची उंची सांगणाऱ्या रेषेचा उतार निघाला दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे आईबाप सरासरीपेक्षा तीन इंच उंच असले, तर मुलं साधारण दोनच इंच. १८८६ मध्ये हे छापून आलं, १८८८ मध्ये सहसंबंधाचं माप आलं आणि १८९६ मध्ये कार्ल पिअर्सनने त्याला आजचं सूत्र दिलं. दोघंही माणसांची ‘पैदास सुधारण्या’चे कट्टर पुरस्कर्ते होते, हेही या कुळकथेतून वगळता येत नाही.

सूत्र हाती आलं आणि ठिपके मागे पडले. आकडा आयता मिळतोय, तर कागद कोण खराब करणार? १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम्बने अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच पुढे ठेवले. चौघांच्या सरासऱ्या त्याच, सहसंबंध ०.८२, रेषाही तीच. आलेख काढला की पहिल्यात साधा पसारा दिसतो, दुसऱ्यात स्वच्छ कमान. तिसऱ्यात एकच ठिपका भरकटलेला. चौथ्यात दहा ठिपके एका उभ्या ओळीत, आणि अकराव्याने एकट्याने अख्खी रेषा आपल्याकडे ओढून नेलेली. तेव्हा एक्सेलमध्ये ट्रेंडलाइनवर क्लिक करण्याआधी ठिपके एकदा नीट बघून घ्या.