कोल्हापूरचे फुटबॉलशौकीन
कोल्हापुरातील पेठांच्या व तालमींच्या फुटबॉल संघांचा समर्थकवर्ग. कुस्तीच्या तालमी आणि तरुण मंडळांनीच बहुतेक संघ उभारल्यामुळे येथे संघाची बाजू बहुधा राहत्या पेठेवरून ठरते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ व प्रॅक्टिस क्लब हे प्रमुख संघ होत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) वरिष्ठ गट लीग छत्रपती शाहू स्टेडियमवर होते. झेंडे, घोषणा व प्रतिस्पर्ध्यांना चिडवणे यांनी गॅलरी दणाणते. सामना संपला की हुकलेल्या पेनल्टीचा पंचनामा पेठेच्या चौकात चालतो. ईर्ष्या कधीकधी हाणामारीवरही जाते. याच फुटबॉलवेड्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.